लवकर पडणारी कीपर

"सोड! अगं सोड तो बॉल! सोड म्हणतोय ना!"

डॉक्टरकाका मैदानाच्या कडेला उभे राहून ओरडत होते. आवाज असा, की त्या सकाळी इंग्लंडमधल्या निम्म्या गोलकीपरांनी घाबरून हातचे बॉल सोडले असतील. मी सोडला नाही. म्हणजे सोडायचा विसरले. बॉल डावीकडून खाली आला, पाय आपोआप गेला, ठप्प आवाज झाला आणि बॉल बाहेर.

"कट," कॅमेरावाला म्हणाला.

काका गोलपोस्टपाशी आले. लांब काळा कोट, हातात कॉफी. मी हेल्मेटच्या जाळीतून त्यांच्याकडे बघत होते. जाळीतून माणसाचे चौकोनी तुकडे दिसतात. मला त्यांचा फक्त तोंडाचा तुकडा दिसत होता.

"तुला अडवायला बोलावलंय का इथे?"

मी हेल्मेट सरळ केलं.

"गोल दिसायला पाहिजे. तू नाही."

मी गोष्टी फुगवून सांगते, हे मला ओळखणारे सगळे सांगतील. बाबांवर गेले आहे. बाबा खडकीत मुरमाच्या मैदानावर हॉकीचे गोलकीपर होते आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्यांनी एकदा बॉल दातांत पकडला होता. दात सगळे शाबूत. तेव्हा माझ्या लिहिण्यातला चार आणे माल काढून टाका, हरकत नाही. पण "गोल दिसायला पाहिजे, तू नाही" यातला कानामात्राही माझा नाही.

काका वळून कॅमेरावाल्याला म्हणाले, "सॉरी. शी गेट्स एक्सायटेड."

आणि मी परत उभी राहिले. पुढच्या बॉलला पडले. छान पडले. गोल झाला. काकांनी टाळ्या वाजवल्या. मला नाही.

हा सगळा प्रकार काय होता, ते सांगते.

सानिका डॉक्टरकाकांची मुलगी. माझ्याच वयाची, सतरा. हॉकीत फॉरवर्ड. मी गोलकीपर. दोघींना अमेरिकेतल्या कॉलेजात हॉकीवर शिरायचं होतं. तिकडे मुलींच्या हॉकीला मोठा मान आहे. खेळणारी चांगली असली तर कॉलेज फी माफ करतं, राहायला खोली देतं, खायला देतं. पण तिथला कोच लंडनच्या टोकाला, आमच्या इल्फर्डला येऊन बघत नाही. तुम्ही त्याला ईमेल लिहायचं, मार्क पाठवायचे आणि मुख्य म्हणजे व्हिडिओ पाठवायचा. तीन मिनिटांचा. त्यातले पहिले तीस सेकंद कोच बघतो. आवडलं तर पुढे बघतो. नाहीतर चहा प्यायला जातो, किंवा तिकडे जे पितात ते.

सानिकाला हे हवं होतं. मला हे लागत होतं. फरक लक्षात घ्या. आई इथल्या हॉस्पिटलात नर्स. आम्ही तिच्या व्हिसावर आलो तेव्हा मी तेरा वर्षांची होते. बाबा पार्सलची व्हॅन चालवतात. आमच्या व्हिसावर इथल्या युनिव्हर्सिटीसाठी मी परदेशी. फी परदेशी मुलांची, म्हणजे दुप्पट-तिप्पट, आणि शिक्षणाचं सरकारी कर्ज नाही. म्हणजे माझ्या मैत्रिणी ब्रिस्टल की मँचेस्टर यावर भांडत होत्या आणि मी त्या भांडणात फक्त मान डोलवत होते. माझ्यासाठी एकच दार होतं. त्या दारात मी उभं राहायचं आणि काही आत जाऊ द्यायचं नाही. एवढंच मला येत होतं.

माझाही व्हिडिओ होता. बाबांनी पार्कात फोनवर काढलेला. त्यात मी आहे, बॉल आहे, कुणाचं तरी कुत्रं आहे आणि बाबांचा अंगठा आहे. अंगठ्याचं काम सगळ्यात मोठं. मागून बाबांचा आवाज, "आरारारा, काय अडवला! वा गं पठ्ठे!" हा व्हिडिओ मी अमेरिकेतल्या झाडून सगळ्या कॉलेजांना पाठवला. काहींना दोनदा. एका ठिकाणी तर फक्त दातांचे डॉक्टर घडवतात, त्यांनाही.

उत्तर एकच आलं. एका कोचबाईंचं. दोन ओळी. एप्रिलमध्ये मँचेस्टरला शोकेस आहे, मी तिथे येणार आहे, तू असशील तर बघेन. शोकेस म्हणजे दिवसभराचं मैदान, मुली खेळतात आणि कोच लोक कडेने वह्या घेऊन हिंडतात.

आईने ते ईमेल छापून आणलं आणि फ्रिजवर लावलं. फ्रिजवर आधीपासून एक कागद होता. त्याच्या शेजारी.

तो आधीचा कागद म्हणजे आमच्या घराच्या भाड्याचा गॅरंटर फॉर्म. इथे नवीन आलेल्या माणसाला घरमालक घर देत नाही. कुणीतरी जामीन राहावं लागतं. घरवाला, पगारवाला, बरीच वर्षं इथे असलेला. आईच्या हॉस्पिटलात डॉक्टरकाका कन्सल्टंट. मराठी माणूस, म्हणून आईने धीर करून विचारलं. त्यांनी सही केली. खरंच केली, एका मिनिटात, लिफ्टजवळ उभ्या उभ्या. करार दर वर्षी नवा, सहीही दर वर्षी नवी. आमच्या घराला विटा-सिमेंट नव्हतंच, ते त्या सहीवर उभं होतं. स्वयंपाकघरात जोरात शिंकलं तरी आई फ्रिजकडे बघायची.

त्या वर्षी मराठी मंडळाच्या दिवाळीच्या जेवणात डॉक्टरकाकूंनी आईला पूर्ण नाव विचारलं होतं. आईने सांगितलं. आडनावासकट. काकू म्हणाल्या, "अच्छा, अच्छा."

दोनदा. एका अच्छाने भागलं असतं.

मग जानेवारीत काकांचा फोन. बाबांना. "सुनील, कीपर आहे ना तुमच्याकडे?"

जसं काही शिडी आहे का, ड्रिल मशीन आहे का.

"सानिकाचा व्हिडिओ करायचाय. तीन रविवार. कीपरला दहाला आणा."

"हो साहेब," बाबा म्हणाले.

तीन रविवार मी कीपर होते. काकांनी माझं नाव एकदाही घेतलं नाही. मला वाटतं त्यांना ते ठाऊकच नव्हतं.

पहिल्या रविवारी आधी त्यांच्या घरी जमायचं होतं. मी किटची बॅग ओढत दारापर्यंत गेले. कीपरचं किट म्हणजे वास असतो, मी नाकारत नाही. माझ्या किटच्या वासाने व्हॅनमधली पार्सलं स्वतःहून पत्त्यावर उडी मारून जायची. काकू दारात म्हणाल्या, "बॅग बाजूच्या गेटने आण हं. वास येतो." बरोबर होतं. मी बाजूच्या गेटने गेले.

दुसऱ्या रविवारी किट व्हॅनमध्येच ठेवलं. मी रिकाम्या हाताने, आंघोळ करून, केसांना चांगला शाम्पू लावून पुढच्या दारात उभी राहिले. काकू म्हणाल्या, "बाजूच्या गेटने ये गं."

आता सानिकाबद्दल. मला तिचा हेवा वाटायचा, हे म्हणणं म्हणजे आग लागली असता उकडतंय म्हणण्यासारखं. मी जळत होते. त्या हिवाळ्यात आमच्या फ्लॅटचं हीटिंग बंद ठेवलं असतं तरी चाललं असतं, मी एका कोपऱ्यात बसले असते तर तिन्ही खोल्या ऊबदार राहिल्या असत्या. तिच्या शाळेचं मैदान निळं. खेळायच्या आधी त्याला पाणी मारायचे, फवारे आपोआप उठायचे. आमच्या शाळेत पाणी फक्त छतातून यायचं. तिच्याकडे पाच स्टिक होत्या. थंडीची वेगळी, पावसाची वेगळी. त्या पाच जणींना झोपायला स्वतंत्र खोली असावी आणि सकाळी त्यांना दूध मिळत असावं. तिच्यासाठी एक सल्लागार होता, तो झूमवर यायचा आणि तिच्या वतीने अमेरिकेला ईमेल लिहायचा. तिच्या दातांच्या मापाचं माउथगार्ड होतं. माझं उकळत्या पाण्यात टाकून चावायचं. ते माझ्या आधी कुणी चावलेलं नव्हतं, अशी माझी श्रद्धा होती.

माझे किकर, म्हणजे कीपर बुटांवर चढवतात ते जाड फोमचे तुकडे, एक नारिंगी होता आणि एक निळा. दोन वेगळ्या माणसांकडून जुने घेतलेले. बाबा म्हणायचे, "लांबून ओळखू येशील." त्यांचं म्हणणं फार खरं झालं.

पण जळण्याचं खरं कारण स्टिक नव्हत्या. ते मला दुसऱ्या रविवारी कळलं. सानिका दहा मारायची, सहा बाहेर जायचे. ती हसायची, केस बांधायची, पुन्हा मारायची. कुणाला काही वाटत नव्हतं. कारण ते सहा कापले जाणार होते. आणि माझं? मी चुकून एक अडवला तर तोही कापला जाणार होता. तिचं चुकणं कापायचं. माझं जमणं कापायचं. कात्री एकच.

मला तिच्या चुकण्याचा हेवा वाटला. मला एकदा तरी असं चुकून बघायचं होतं, जे कुणी मोजत नाही.

आणि वाईट म्हणजे ती वाईट नव्हती. ती वाईट असती तर माझी किती सोय झाली असती. ती मला अर्धं केळं द्यायची. म्हणायची, "तुझा आई माझ्या डॅडच्या हॉस्पिटलमध्ये आहे ना? सो नाइस." तिचं मराठी असंच लंगडत यायचं. मी कधी सुधारलं नाही. तेवढी एक गोष्ट तिच्यापेक्षा माझ्याकडे जास्त होती, ती कशाला वाटायची?

पहिल्या रविवारनंतर मी घरी येऊन आईला सांगितलं होतं, "ते मला पडायला सांगतात."

आई युनिफॉर्मला इस्त्री करत होती. "मग?"

"मग मी कीपर आहे."

"तीन रविवार पड," आई म्हणाली. "घर आहे आपलं." आणि फ्रिजकडे न बघता फ्रिजकडे बघितलं.

मी पडले. आणि एखादी गोष्ट करायची तर मन लावून, हा आमच्या घरचा रोग. तीन रविवारांत मी पडण्यात पीएचडी केली. उजवीकडे झेप, बॉल डावीकडे. हात थोडा उशिरा. पाय थोडा लवकर. बॉल सुटल्यावर जमिनीवर मूठ आपटायची, म्हणजे मारणारी मोठी वाटते. कॅमेरावाला खूश. म्हणाला, तू नटी आहेस. काका म्हणाले, "अस्सं! आता जमलं." तिसऱ्या रविवारी सगळे खूश असताना मी विचारलं, "काका, माझीही दोन मिनिटं काढता येतील का? कॅमेरा आहेच तर?"

"पुढे बघू ना," काका म्हणाले. कॅमेरावाला पेटी बंद करत होता. ती बंद व्हायला दोन मिनिटं लागली. मी मोजली.

एप्रिलमध्ये बाबा आणि मी पहाटे पाचला निघालो. व्हॅनमध्ये, पार्सलांची कपाटं मागे खडखडत. मँचेस्टर येईपर्यंत बाबांनी मला खडकीचे सगळे सामने सांगितले. त्यातला एक तर चार दिवस चालला होता आणि बाबा जेवायलाही गोल सोडून गेले नव्हते. बाबांना भीती वाटते तेव्हा ते जास्त खोटं बोलतात. त्या दिवशी ते फारच खोटं बोलत होते.

मैदानावर मुलीच मुली. कडेने कोच. टोप्या, आयपॅड. डॉक्टरकाका आले होते, कॅमेरावाला आला होता, पाचही स्टिक आल्या होत्या. मी माझ्या कोचबाईंना ओळखलं, त्यांचा फोटो मी इतका बघितला होता की त्यांच्या आईने बघितला नसेल. उंच बाई, निळी टोपी, तोंडात च्युइंगगम. मी किट चढवून चालत त्यांच्याकडे निघाले. पाठ केलेली वाक्यं होती. गुड मॉर्निंग, आय एम द गोलकीपर हू रोट टू यू.

पहिलं वाक्यही झालं नाही. बाईंनी माझ्या पायांकडे बघितलं. नारिंगी, निळा. आणि चेहरा उजळला.

"ओह, आय नो दोज फीट!"

मला वाटलं, अंगठ्याच्या मागून दिसले शेवटी.

"यू आर द कीपर इन दॅट व्हिडिओ. सनीकाज व्हिडिओ." त्यांनी आयपॅडवर दोनदा बोट फिरवलं. आणि मला दाखवलं. मला, मी.

मी पडत होते. उजवीकडे झेप, बॉल डावीकडे. मूठ आपटली. परत पडत होते. परत. निळ्या मैदानावर, उत्तम उजेडात, अंगठा नाही, कुत्रं नाही. माझ्या आयुष्यात माझं इतकं सुंदर चित्रण कुणी केलेलं नव्हतं. तीन मिनिटांत मी अकरा वेळा पडले. मी मोजलं, कारण मोजण्याशिवाय काही करता येत नव्हतं.

"यू गो डाउन अर्ली, हनी," बाई म्हणाल्या. तू लवकर पडतेस. ओरडून नाही. मायेने. डॉक्टर रिपोर्ट देतात तसं.

सांगायचं होतं की मला पाडलं. वाक्य आलं होतं दातांपर्यंत. पण दहा पावलांवर डॉक्टरकाका उभे होते, काळा कोट, कॉफी. त्यांचा तो हात कॉफीवर होता. सहीचा. मी म्हणाले, "थँक यू."

बाई पुढे गेल्या. वहीत काही लिहिलं नाही.

मी तिथेच उभी राहिले. आत्तापर्यंत मला वाटत होतं की त्यांनी माझा अपमान केला आणि मी सोसला, घरासाठी सोसला, आणि सोसण्यात एक मोठेपणा आहे. काही मोठेपणा नव्हता. माझ्याविरुद्धचा पुरावा मी स्वतः तयार करून दिला होता. तीन रविवार, मन लावून. मूठ आपटून.

दुपारी शूटआउट होते. फॉरवर्ड तेवीस मीटरवरून बॉल घेऊन सुटते, समोर फक्त कीपर, आठ सेकंद. सात मुली माझ्यासमोर आल्या. काही सुटले, काही अडवले. मला नीट आठवत नाही. आठवी सानिका.

ती रेषेवर उभी राहिली. कॅमेरावाला माझ्या मागे जाळीपाशी सरकला, म्हणजे तिचा चेहरा नीट यावा. आणि मग कडेवरून आवाज आला.

"सोड गं! ए, एवढा एकच! एकच सोड!"

मराठीत. भर मैदानात, शंभर माणसांत. कारण तिथे कुणाला कळणार? मराठी ही त्यांना आमच्या दोघांमधली खासगी लाइन वाटत होती. बाजूचे गोरे बाप हसून बघत होते. त्यांना वाटलं हा बाप मुलीला धीर देतोय.

कळणारे चार जण होते. एक सानिका. तिचा चेहरा लाल झाला. ती वळून ओरडली, "डॅड, स्टॉप!" दुसरे बाबा. ते कडेला माझी पाण्याची बाटली धरून उभे होते. बाबा, जे बॉल दातांत पकडतात. त्यांनी फक्त बाटली जमिनीवर ठेवली. तिसरे ओरडणारे स्वतः.

चौथी मी.

शिट्टी झाली. सानिका सुटली. चांगली आली, खरंच चांगली, त्या दिवशी ती मनापासून खेळत होती. तिने खांदा डावीकडे टाकला. माझं अंग पडायला निघालं. तीन रविवारांची सवय. गुडघा वाकला. लवकर.

नाही, मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. हेल्मेटमध्ये ते "नाही" इतकं घुमलं की मला वाटलं कुणीतरी दुसरंच बोललं.

मी उभी राहिले. एक सेकंद. दुसरा. ती बॉल उजवीकडे ओढेपर्यंत उभी राहिले. मग गेले. नारिंगी पाय, पूर्ण लांब. ठप्प. बॉल परत आला, तिने पुन्हा मारला, निळा पाय. पुन्हा आला. तिसऱ्यांदा मी बॉल हाताने लांब ढकलला आणि ती त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत आठ सेकंद संपले. ते आठ सेकंद चांगले पंधरा मिनिटं चालले.

सानिका गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होती. ती म्हणाली, "दॅट वॉज रिअल." मी तिच्याकडे बघितलं आणि मला बरं वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, मला छान वाटलं. तिला रडू येत होतं आणि ते बघून मला मावळत्या संध्याकाळी गरम भजी खाल्ल्यासारखं वाटलं. तिचा हेवा कमी झाला का? नाही. रडताना जवळ घ्यायला तिच्याकडे पाच स्टिक होत्या.

माझ्या कोचबाई त्या वेळी पलीकडच्या मैदानावर होत्या. पाठमोऱ्या. निळी टोपी. माझ्या जन्मातला सगळ्यात चांगला सेव्ह त्यांनी बघितला नाही. वही घेतलेल्या कुणीच बघितला नाही, फक्त कॅमेऱ्याने बघितला. कॅमेरा चालू होता. तो सेव्ह आहे. आजही आहे. डॉक्टरकाकांच्या कम्प्युटरमध्ये, कापून टाकलेल्या तुकड्यांमध्ये.

परतताना बाबांनी खडकीचा एकही सामना सांगितला नाही. बर्मिंगहॅम गेल्यावर म्हणाले, "मी बॉल दातांत नव्हता पकडला."

"माहितीये बाबा."

"पण सोडलाही नव्हता कधी."

मला अमेरिकेहून कुणाचं काही आलं नाही. हे मी आताच सांगते, म्हणजे शेवटी काही गोड येईल म्हणून कुणी वाट बघू नये.

तीन आठवड्यांनी काकांचा फोन आला. संध्याकाळी, आई इस्त्री करत होती. बाबांनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. करार नवा करायची वेळ आली होती. फ्रिजवर नवा फॉर्म कोरा लटकत होता, आणि शेजारी कोचबाईंच्या दोन ओळी, अजून कुणी काढल्या नव्हत्या.

"सुनील, एक छोटंसं काम होतं," काका म्हणाले. आवाजात साखर. मँचेस्टरबद्दल एक शब्द नाही. "ती अमेरिकेची कोच आहे ना, तिला सानिका आवडलीये. पण म्हणते व्हिडिओतली कीपर फार लवकर पडते, गोल सोपे वाटतात. तर पुन्हा शूट करू. एकच रविवार."

बाबांनी फोन टेबलाच्या मधोमध सरकवला.

"कीपर आहे का तिथे? ऐकतेस ना गं? या वेळी जरा उशिरा पड. थोडं अडवल्यासारखं कर आणि मग सोड. तुला जमेल, हुशार आहेस तू."

इस्त्रीची वाफ निघत होती.

"आणि सुनील, तुमचा तो कागद असेल ना सहीचा, तोही घेऊन या येताना. करून टाकू."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग आईकडे. आईने इस्त्री उभी ठेवली. फ्रिजपाशी गेली. मला वाटलं फॉर्म काढून बाबांच्या हातात देईल, पड म्हणेल, एकच रविवार. तिने फॉर्मवरचं लोहचुंबक काढलं, कोरा कागद घडी घालून बिलांच्या ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवर बंद केला. कोचबाईंच्या दोन ओळी तशाच ठेवल्या. मग परत येऊन दुसऱ्या बाहीला इस्त्री करायला लागली.

दुसरं घर शोधावं लागणार होतं. दुसरी सही. दुसरा कुणीतरी, जो दोनदा अच्छा म्हणेल. मला ते सगळं दिसत होतं, आमची खोकी, व्हॅन, कीपरचं किट सगळ्यांत वर. मला हेही दिसत होतं की सानिका जाईल. तिचं विमान मला दिसत होतं, आणि मी जळत होते, आजही जळते, आणि ते विझावं असं मला वाटत नाही.

"हॅलो?" काका म्हणाले. "कीपर? रविवारी दहाला. येणार ना?"

मी टेबलापाशी गेले. फोनवर वाकले.

"येते. पण पडणार नाही."